आवडलेला, आवडता आणि चांगला : वर्षातील आल्बमांविषयीच्या वादाची भाषिक मीमांसा

डिसेंबर महिना सरत आला, की संगीताच्या शौकिनांमध्ये एक वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. सरत्या वर्षात प्रसिद्ध झालेल्या आल्बमांपैकी सर्वोत्तम कोणता, आणि ज्याने घोर निराशा केली असा कोणता? वृत्तपत्रांतील समीक्षक याद्या प्रसिद्ध करतात, मित्रमंडळींत त्या याद्यांवर आणि स्वतःच्या याद्यांवर तासन् तास खल चालतो, आणि बहुधा कोणाचेही मत न बदलता बैठक मोडते. गेल्या डिसेंबरात आमच्या विभागाच्या व्हरांड्यात असाच एक वाद प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला. एक विद्यार्थी म्हणाला, “या वर्षातला सगळ्यात चांगला आल्बम हाच.” दुसरा म्हणाला, “छे रे, काय कंटाळवाणा आहे तो!” पुढे पाऊण तास प्रतिपादन आणि खंडन झाले. अखेर पहिला म्हणाला, “हे माझं मत आहे, संपलं.” त्यावर दुसरा उद्गारला, “मुळात तुला ऐकताच येत नाही.” दोघांनी पाठ फिरवली. पुढचे काही दिवस ते वर्गात एका बाकावर बसले नाहीत.

हा प्रसंग क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. पण वादाची जी दोन टोके त्यात दिसली ती क्षुल्लक नाहीत. ‘हे माझे मत’ म्हटले की चर्चा संपते, आणि ‘तुला कळत नाही’ म्हटले की माणूस संपतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही साहित्यकृतींविषयी लिहिताना हीच दोन टोके वारंवार आढळतात. ती टाळता येण्याजोगी आहेत काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो सौंदर्यशास्त्राचा प्रश्न म्हणून सामान्यतः मांडला जातो. येथे तो प्रथम व्याकरणाचा प्रश्न म्हणून मांडावयाचा आहे. कारण वाद करणारे ज्या वाक्यांचा उपयोग करतात ती वाक्ये एका जातीची नसतात, आणि एका जातीच्या वाक्यावरून दुसऱ्या जातीच्या वाक्यावर नकळत घसरणे हेच या भांडणांचे एक मोठे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

१. वादाचा विषय

‘आल्बम’ या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. ‘पांढरा’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून तो आला. प्राचीन रोममध्ये जाहीर सूचना ज्यावर लिहीत त्या पांढऱ्या फलकाला हे नाव होते. पुढे ते कोऱ्या पानांच्या वहीला, मग छायाचित्रे लावण्याच्या वहीला मिळाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. त्यामुळे दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर विभागून, त्या तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत घालून विकीत. या बाडास त्याच्या रूपावरून ‘आल्बम’ म्हणू लागले. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले, आणि बाडाची गरज उरली नाही. शब्द मात्र उरला. वस्तू गेली आणि नाव नव्या वस्तूला चिकटले, असा हा अर्थसंक्रमणाचा सुबोध दाखला आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. आल्बम म्हणजे संग्रह. त्यातील दहाबारा गाण्यांपैकी दोन उत्तम, पाच बरी आणि बाकीची सामान्य असू शकतात, तरीही वाद ‘आल्बम चांगला की वाईट’ असा एकवचनी होतो. एकाच्या मनात त्यातील उत्कृष्ट गाणे असते, तर दुसऱ्याच्या मनात संपूर्ण ऐकताना आलेला शीण. दोघे एकच नाम उच्चारतात, पण त्यांच्या विधानांचा विषय एक नसतो. वादांचा एक भाग एवढ्यानेच निकालात निघेल. उरलेला भाग विधेयांचा आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे.

२. ‘मला आवडला’

“मला हा आल्बम आवडला.” या वाक्यात क्रियापद ‘आल्बम’ या नामाप्रमाणे चालते, ऐकणारा चतुर्थीत बाजूला उभा असतो. ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’, ‘मला आठवले’ ही सर्व वाक्ये याच घडणीची आहेत. त्यांत मनुष्य काही करीत नाही, त्याला काही होते. संस्कृतातही असाच प्रकार आहे. रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला प्रीती होते त्यास पाणिनीने (१.४.३३) संप्रदान ही संज्ञा दिली आहे. म्हणजे रुची ही रसिकाने केलेली क्रिया नसून त्याला प्राप्त झालेली गोष्ट आहे, ही जाण आपल्या व्याकरणात पूर्वीपासून आहे.

हे केवळ रूपाचे वैशिष्ट्य नाही, याची दोन गमके सांगता येतात. ‘मी हा आल्बम मुद्दाम ऐकला’ हे वाक्य सहज आहे. ‘मला हा आल्बम मुद्दाम आवडला’ हे कोणी म्हणणार नाही. ‘हा आल्बम ऐक’ अशी आज्ञा करता येते. ‘आवडणे’ या क्रियापदाची अशी आज्ञा होत नाही. ‘तुला आवडो’ अशी इच्छा व्यक्त करता येते, पण ती इच्छाच. ‘आवडून घे’ असे कोणी म्हणते तेव्हा आज्ञार्थ ‘घे’ला लागतो, आणि सूर बहुधा थट्टेचा असतो.

याचा परिणाम वादावर असा होतो, की ‘मला आवडला’ या विधानाचे खंडन करता येत नाही. ‘नाही, तुला आवडला नाही’ असे म्हणणे म्हणजे बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे होय, आल्बमविषयी काही बोलणे नव्हे. तसेच समोरच्याने ‘मला कंटाळा आला’ म्हटल्यावर ‘नाही, मला आला नाही’ हे उत्तर मराठी कानाला खटकते. ‘मला नाही आला’ हे खटकत नाही. वाक्यारंभीचे ‘नाही’ समोरच्याचे विधान नाकारते. ‘मला नाही आला’ यातील ‘नाही’ त्या विधानाच्या शेजारी दुसरे विधान ठेवते. येथे दोन अनुभव आहेत, मतभेद नाही. ‘हे माझे मत आहे, संपले’ म्हणणारा विद्यार्थी वस्तुतः मत सांगत नव्हता. तो चतुर्थीच्या आश्रयास गेला होता.

३. ‘चांगला आहे’

आता “हा आल्बम चांगला आहे” हे वाक्य घेऊ. यात कोणीही ‘मला’ नाही. ‘आहे’ हे क्रियापद आल्बमच्या ठायी एक धर्म असल्याचे सांगते, आणि म्हणून समोरचा ‘नाही, चांगला नाही’ असे सरळ म्हणू शकतो. या दोन विधानांत खरा विरोध आहे. तथापि, ज्या अर्थाने ‘हा आल्बम सत्तर मिनिटांचा आहे’ या विधानाचा निर्णय घड्याळाने होतो, तसा निर्णय येथे होत नाही. दोघांपैकी कोणाच्याही हातून काही चूक झालेली नाही, आणि तरीही दोघे एकमेकांचे म्हणणे नाकारीत आहेत, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे. माक्स क्योल्बेल या तत्त्वज्ञाने २००४ मध्ये अशा स्थितीस ‘निर्दोष मतभेद’ या अर्थाचे नाव देऊन तिची चर्चा केली. पीटर लेसरसन या अमेरिकन अर्थमीमांसकाने २००५ मध्ये असे सुचविले, की रुचिवाचक विधेयांचा आशय दोघांच्या तोंडी एकच असतो, पण त्याचे सत्यासत्यत्व एखाद्या ‘निर्णेत्या’च्या सापेक्ष ठरते. या उपपत्तीने ‘चांगला आहे’ म्हणजे ‘मला चांगला वाटतो’ याचे संक्षिप्त रूप, हा सोपा पण चुकीचा समज टळतो. तो समज खरा असता, तर वर दाखविल्याप्रमाणे वाक्यारंभीचे ‘नाही’ येथेही खटकले असते. पण ते खटकत नाही.

या बाबतीत कान्टचे निरीक्षण अद्याप मार्गदर्शक आहे. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने सुखद आणि सुंदर यांत भेद केला. अमुक मद्य रुचकर आहे असे म्हणणाऱ्यास कोणी ‘तुझ्यापुरते’ अशी दुरुस्ती सुचविली, तर तो ती आनंदाने मान्य करील. परंतु अमुक कृती सुंदर आहे असे म्हणून त्यास ‘माझ्यापुरती’ अशी पुस्ती जोडणे हास्यास्पद होय; कारण सुंदर म्हणताना आपण इतरांच्याही संमतीची मागणी करीत असतो. संमती मिळेलच असे नाही. मागणी मात्र त्या शब्दातच आहे.

मागणी करणाऱ्यावर काही जबाबदारीही येते, आणि तीही भाषेत नोंदलेली आहे. जो आल्बम आपण ऐकला नाही त्याविषयी ‘तो फार सुंदर आहे’ असे म्हणता येत नाही. माहिती खात्रीची असली, शंभर जाणकारांनी सांगितले असले, तरी वाक्य अप्रामाणिक वाटते. उलट, ‘तो गेल्या वर्षी प्रसिद्ध झाला’ हे न ऐकताही खुशाल सांगता येते. रुचिवाचक विधेये प्रत्यक्ष परिचयाची अट घालतात, या गोष्टीची अर्थमीमांसेत अलीकडे बरीच चर्चा झाली आहे. दिलीप निनान यांचा २०१४ मधील निबंध या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मराठीपाशी या अटीतून सुटण्यासाठी एक लहानसा शब्द आहे : ‘म्हणे’. ‘सुंदर आहे म्हणे’ असे म्हटले, की परिचयाची अट उठते, पण त्याबरोबर मतदानाचा हक्कही जातो. वर्षाखेरीच्या वादात जी मते ठामपणे मांडली जातात त्यांपैकी कितींना प्रामाणिकपणे ‘म्हणे’ जोडावे लागेल, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करून पाहण्यासारखा आहे.

परिचय म्हणजे नुसते कानावर पडणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या साहाय्यार्थ मैफल झाली. आरंभी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा वाद्ये जुळवून थांबताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, या अर्थाचे उद्गार रविशंकरांनी सौजन्याने काढले. त्या श्रोत्यांना जुळवणी आवडली, हे खोटे नव्हते. पण ‘वादन चांगले झाले’ असे जर कोणी त्या क्षणी म्हटले असते, तर ते विधान चूक ठरले असते, कारण वादन झालेच नव्हते. तेव्हा मतभेद निर्दोष असू शकतो याचा अर्थ या क्षेत्रात दोष संभवतच नाही, असा नव्हे.

४. ‘वर्षातील सर्वांत’

सर्वोत्तमत्वाचे विधान चांगलेपणाच्या विधानाहून एक पाऊल पुढे जाते. ‘सर्वांत’ या पदाला एक समुच्चय लागतो, आणि ‘हाच’ यातील अवधारणार्थक ‘च’ इतर सर्वांना वगळतो. वर्षभरात प्रसिद्ध होणारे सर्व आल्बम कोणीही ऐकलेले नसतात; म्हणून ‘मी ऐकलेल्यांपैकी’ हे पद प्रत्येक यादीत अध्याहृत धरावे लागते. ज्यांचे समुच्चय भिन्न आहेत त्यांच्या याद्या भिन्न निघाल्या, तर त्यात विरोध कसला?

‘वर्षातील’ हे पदही दिसते तितके सरळ नाही. ‘द क्लॅश’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘लंडन कॉलिंग’ हा आल्बम ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन समीक्षकांच्या कौलात तो १९८० चा सर्वोत्तम ठरला, आणि १९८९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने तर त्याला नवव्या दशकातील सर्वश्रेष्ठ आल्बम म्हणून गौरविले. म्हणजे लंडनच्या रसिकाने आठव्या दशकात विकत घेतलेली वस्तू न्यूयॉर्कमध्ये नवव्या दशकाची अग्रणी झाली. वर उल्लेखिलेल्या बांगलादेश मैफलीचा आल्बम अमेरिकेत डिसेंबर १९७१ मध्ये निघाला, आणि ‘वर्षातील सर्वोत्तम आल्बम’ हे ग्रॅमी पारितोषिक त्याला मार्च १९७३ मध्ये मिळाले. ‘वर्ष’ हा शब्द येथे पंचांगाचा नसून प्रत्येक संस्थेच्या संकेताचा आहे.

वर निर्देशिलेला समीक्षकांचा कौल न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाचा होता. ‘पॅझ अँड जॉप’ हे त्याचे नाव ‘जॅझ’ आणि ‘पॉप’ या शब्दांच्या आद्य ध्वनींची अदलाबदल करून बनविलेले आहे. रॉबर्ट क्रिस्टगाव या समीक्षकाच्या पुढाकाराने तो १९७१ मध्ये प्रथम घेतला गेला, १९७४ पासून दरवर्षी होऊ लागला, आणि २०१८ या वर्षापर्यंत चालला. त्याची पद्धत मननीय आहे. प्रत्येक समीक्षकाने दहा आल्बम निवडावयाचे आणि त्यांत शंभर गुण वाटावयाचे. एका आल्बमला तीसपेक्षा अधिक आणि पाचपेक्षा कमी गुण द्यावयाचे नाहीत. आवडीची तीव्रता मोजण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पण या बेरजेतून नेमके काय निष्पन्न होते, हे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. अनेक ‘मला’ एकत्र केले, की ‘आम्हांला’ होते. शेकडो समीक्षकांचे ‘मला’ एकत्र केले, तरी ‘आम्हांला’च होते, त्यातून ‘आहे’ उत्पन्न होत नाही. चतुर्थीचे वचन बदलते, विभक्ती बदलत नाही. कौलाचा आकडा दाखवून जो ‘आता तरी मान्य कर’ असे म्हणतो, तो या एका पायरीवर चुकतो. कौल हा समाजाच्या रुचीचा मोलाचा पुरावा आहे. तो आल्बमच्या गुणाचा पुरावा होण्यासाठी कारणांची जोड लागते.

५. ‘आवडलेला’ आणि ‘आवडता’

इंग्रजीत ज्या एका शब्दाने काम भागते तेथे मराठीत दोन विशेषणे आहेत. ‘आवडलेला आल्बम’ म्हणजे ज्याने एका विशिष्ट प्रसंगी आनंद दिला तो. ‘आवडता आल्बम’ म्हणजे ज्याच्याकडे आपण वारंवार परत जातो तो. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात सवय आणि सहवास. ‘काल ऐकलेला आल्बम मला आवडला’ हे रास्त आहे. ‘काल प्रथम ऐकलेला आल्बम माझा आवडता आहे’ हे ऐकून आपण हसतो. आवडते होण्यास काळ लागतो.

वर्षाखेरीच्या यादीची खरी अडचण येथे आहे. नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या आल्बमला डिसेंबरात ‘आवडलेला’ याहून अधिक काही होण्यास अवधीच मिळालेला नसतो. यादी मात्र ‘आवडत्यां’ची म्हणून वाचली जाते. जानेवारीत निघालेल्याची स्थिती उलट असते : त्याचा पहिला आनंद विरलेला असतो, आणि तो आवडता झाला की नाही हे ठरलेले असते. एका यादीत दोन क्रियाव्याप्तींचे निर्णय मिसळलेले असतात. यादी करू नये, असे यावरून सिद्ध होत नाही. यादी दैनंदिनीसारखी, तारखेसह वाचावी, एवढेच सिद्ध होते.

६. निराशेचे व्याकरण

आता वादाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे निराशेकडे, वळू. ‘निराशाजनक’ हा ‘वाईट’ या शब्दाचा सौम्य पर्याय आहे, असे सामान्यतः समजले जाते. तसे नाही. ‘हा आल्बम चांगला आहे, तरी माझी निराशा झाली’ या वाक्यात कसलाही विरोध नाही. ‘वाईट आहे, पण निराशा झाली नाही, मला तेवढीच अपेक्षा होती’ हेही सुसंगत आहे. दोन विधेये दोन निराळ्या मापांवर मोजतात. ‘वाईट’ आल्बमविषयी बोलते. ‘निराशा’ आल्बम आणि अपेक्षा यांतील अंतराविषयी बोलते. मराठीतील ‘अपेक्षाभंग’ या सामासिक शब्दात ही गोष्ट उघडच सांगितली आहे : भंग पावते ती अपेक्षा.

ही अपेक्षा विधानात गृहीत असते. गृहीताची नेहमीची परीक्षा म्हणजे निषेध. ‘या आल्बमने निराशा केली नाही’ असे म्हटले, तरी अपेक्षा होती हे गृहीत टिकूनच राहते. म्हणून ज्याचे नावही ऐकले नव्हते अशा कलावंताचा पहिला आल्बम वाईट असू शकतो, पण, कोणी आधी स्तुती केली नसेल तर, निराशाजनक असू शकत नाही. ‘मला वाटले होते’ या पूर्णभूतकाळाचेही असेच आहे. ‘मला वाटले होते, की हा आल्बम उत्तम असेल’ एवढेच म्हणून बोलणारा थांबला, तरी तसे झाले नाही हे ऐकणाऱ्यास कळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘मला आवडला’ यात आल्बम काही करीत नाही. ‘आल्बमने माझी निराशा केली’ यात मात्र तो तृतीयेत येऊन कर्ता बनतो, जवळजवळ आरोपी बनतो. अपेक्षा आपण बांधली, आणि ती मोडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला! अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक म्हणजे ‘निजसुखादिविवशीभाव’, अर्थात स्वतःच्या सुखदुःखाने प्रेक्षक इतका व्यापलेला असणे, की समोरच्या कलाकृतीत त्याचे मन विश्रांत होत नाही. बांधलेली अपेक्षा हे असेच एक विघ्न मानण्यास हरकत नसावी.

प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. ‘फ्लीटवुड मॅक’ या वाद्यवृंदाचा १९७७ चा ‘रूमर्स’ हा आल्बम अमेरिकेत ३१ आठवडे विक्रीच्या अग्रस्थानी होता. १९७९ मध्ये त्यांचा ‘टस्क’ हा दुहेरी आल्बम निघाला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. दुसऱ्या कोणासही हे यश वाटले असते. पण तो ‘रूमर्स’च्या मापाने मोजला गेला आणि अपयश म्हणून गणला गेला. त्यातील प्रयोगशीलतेचे कौतुक होण्यास पुढची अनेक वर्षे जावी लागली.

उलट दिशेचे उदाहरण ‘ओएसिस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘बी हिअर नाऊ’ या आल्बमचे आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये तो निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे सात लाख प्रती खपल्या, आणि आरंभीच्या समीक्षा स्तुतीने भरलेल्या होत्या. काही काळातच मत फिरले. सत्तर मिनिटांहून अधिक लांबी, गिटारांचे थरावर थर आणि गाण्यांचा पाल्हाळ यांवर टीका होऊ लागली. खुद्द गीतकार नोएल गॅलहर यानेही पुढे त्याविषयी कठोर शब्द वापरले. येथे अपेक्षा इतकी प्रबळ होती, की काही काळ तिनेच आल्बमची जागा घेतली. लोक ऐकत होते ते स्वतःच्या अपेक्षेचा प्रतिध्वनी.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ‘वीझर’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा १९९४ चा पहिला आल्बम लोकप्रिय झाल्यावर सप्टेंबर १९९६ मध्ये ‘पिंकर्टन’ हा दुसरा आल्बम आला. तो अधिक ओबडधोबड आणि आत्मकथनपर होता. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला त्या वर्षाच्या सर्वांत वाईट आल्बमांत बसविले. गीतकार रिव्हर्स क्योमो याच्यावर या आघाताचा परिणाम एवढा झाला, की २००१ मध्ये त्याने स्वतःच त्या आल्बमचा जाहीर धिक्कार केला. त्याच सुमारास तरुण श्रोत्यांची एक नवी पिढी, जिने पहिल्या आल्बमवरून कोणतीही अपेक्षा बांधली नव्हती, ‘पिंकर्टन’ आवडीने ऐकत होती. २००४ मध्ये त्याच ‘रोलिंग स्टोन’ने त्याला पाचपैकी पाच तारका दिल्या. आठ वर्षांत आल्बममधील एकही स्वर बदलला नव्हता. अपेक्षेचे माप बदलले होते. निराशेचे विधान आल्बमविषयीचे विधान म्हणून वाचले गेले, तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

७. मैफल आणि मुद्रिका

आपल्याकडील मैफलीच्या चर्चेशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला; तेथून परतणाऱ्या श्रोत्यांचे बोलणे ऐकावे. ‘मैफल रंगली’, ‘राग जमला नाही’, ‘आज आवाज लागला नाही’ ही वाक्ये त्यात हमखास येतात. रंगणे, जमणे, लागणे या अकर्मक क्रियापदांत ना गायक कर्ता आहे ना श्रोता. गायक, साथीदार, श्रोते आणि वेळ यांतून काहीतरी घडले किंवा घडले नाही, एवढेच ती सांगतात. शिवाय त्यांत ‘आज’ असतो. या ‘आज’मध्ये मोठी क्षमाशीलता आहे, उद्या आवाज लागेल.

आल्बमविषयी हे बोलणे चालत नाही. ‘हा आल्बम आज रंगला नाही’ असे कोणी म्हटले, तर ते आल्बमविषयी नसून ऐकणाऱ्याविषयी आहे, हे कोणीही ओळखील. ध्वनिमुद्रण गोठलेले असते, त्याला ‘आज’ नाही. म्हणून त्याच्यावरचा निर्णय कठोर होतो. पण याच गोष्टीची दुसरी बाजू आशादायक आहे. विरलेली मैफल पुन्हा तपासता येत नाही, आल्बम येतो. मधल्या काळात बदललेला असतो तो फक्त श्रोता. म्हणून दुसऱ्या श्रवणात निर्णय बदलला, तर बदल कोठे झाला हे निश्चित सांगता येते.

८. उपसंहार

१७५७ मधील आपल्या निबंधात ह्यूमने ‘डॉन किहोटे’मधील एक कथा आधारास घेतली आहे. मद्याच्या पिंपाची परीक्षा करण्यास दोघा जाणकारांना बोलाविले होते. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. दोघांचे निष्कर्ष भिन्न होते, पण दोघेही पिंपात असलेल्या वस्तूकडेच बोट दाखवीत होते.

व्हरांड्यातील आमच्या दोन विद्यार्थ्यांनी जे केले नाही ते हेच. पहिल्याने ‘चांगला आहे’ असे म्हणून सर्वांच्या संमतीची मागणी केली, आणि ती नाकारली जाताच ‘मला’च्या आड आश्रय घेतला. ती मागणी परत घेणे नव्हते; मागणीची कारणे देण्याची जबाबदारी टाळणे होते. दुसऱ्याने आल्बम सोडून निर्णेत्यावर हल्ला केला. दोघांनाही तिसरा मार्ग मोकळा होता : अमुक गाण्यात, अमुक ठिकाणी, ताल बदलतो तेथे पाहा, शेवटची तीन गाणी एकाच लयीत आहेत, ते ऐक. अशा बोलण्यात ‘मला’ लपवावा लागत नाही आणि ‘आहे’ लादावा लागत नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण खरी असूनही किल्ली कोठे आहे, हे दाखविता येते.

वर आपण पाहिले, की ‘आवडणे’ या क्रियापदाला आज्ञार्थ नाही. कोणीही कोणाला आवडण्याची आज्ञा करू शकत नाही, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या वादांत हीच अशक्य आज्ञा आपण एकमेकांना करीत आलो आहोत. ‘ऐकणे’ या क्रियापदाला मात्र आज्ञार्थ आहे. वादाच्या अखेरीस जी एकच आज्ञा व्याकरणाला आणि मैत्रीलाही मान्य होण्यासारखी आहे, ती एवढीच : पुन्हा एकदा ऐक.